पडायची तालीम

आमचे एक जुने स्नेही आहेत, निवृत्त प्राध्यापक. एका परिसंवादात त्यांनी सांगून टाकलं की सहा वर्षांच्या पोराला कराटे शिकवणं आणि त्याच्या हाती बंदूक देणं यात फरक फक्त किमतीचा. निमित्त होतं जून 2025 मधल्या घोषणेचं. शालेय शिक्षणमंत्री दादाजी भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचं जाहीर केलं होतं. प्राध्यापकांनी त्या कवायतीबरोबर ज्युदो, कराटे, लाठीकाठी, दांडपट्टा असं सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि विहिरीत लोटून दिलं. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या डाव्या खांद्यावर ज्युदोच्या मॅटनं दिलेला ताजा निळा डाग होता. तो शर्टाखाली होता, म्हणून निभावलं. त्या दिवशी गप्प बसलो, त्याची भरपाई आज करतो.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांचा हिशेब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालणारे वर्ग आणि त्यांचे फलक मला प्राध्यापकांइतकेच खुपतात. ‘आत्मविश्वास, शिस्त, एकाग्रता’, जणू मेडिकलच्या दुकानातलं टॉनिक. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेला फी, फी भरली की पट्टा. आईबापांना पट्ट्याचा फोटो मिळतो, पोराला पुढचा रंग. यात कोणी कोणाला हातही लावत नाही. सगळे मिळून हवेला मारतात.

मी ज्युदोकडे वळलो तो नातीमुळे. तिला सोडायला जायचो, बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचो. शिकवणाऱ्या ताईंनी एकदा विचारलं, ‘‘काका, नुसते बसता कशाला? मोठ्यांची बॅच सातला असते.’’ तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो. पहिले पाच आठवडे मला कोणालाही पाडायला शिकवलं गेलं नाही. फक्त पडायला शिकवलं. उकिडवं बसायचं, मागे लोळायचं, पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे लांब ठेवून मॅटवर सपकन आपटायचे आणि हनुवटी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे डोकं मागे आदळत नाही. ताई ओरडायच्या, ‘‘काका, पोटाकडे बघा, पोटाकडे!’’ या वयात पोटाकडे बघायला वेगळं सांगावं लागत नाही. दुसरीकडे बघितलं तरी तेच दिसतं. पण पडताना माणूस हमखास छताकडे बघतो. ती सवय मोडायला पाच आठवडे लागले.

इथे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. संपादकांनी कात्री आवरावी. कानोंचा जन्म 1860 चा. अंगानं किरकोळ, शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेला मुलगा. विद्यापीठात शिकता शिकता त्यांनी जुजुत्सू या जपानी झुंजविद्येच्या दोन जुन्या घराण्यांत धडे घेतले आणि 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत, मूठभर शिष्यांसह स्वतःचा वर्ग काढला. तोच कोदोकान. पण पोटापाण्यासाठी ते कुस्तीगीर नव्हते, मास्तर होते. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या संस्थेचे ते वीस वर्षांहून अधिक काळ प्रमुख होते. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेत लेखक लू शुन शिकला. 1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले.

त्यांची खरी कल्पकता डाव शोधण्यात नाही, डाव वगळण्यात आहे. जुन्या घराण्यांत डोळे फोडणारे, हाडं मोडणारे डाव होते. ते पूर्ण ताकदीनं करून बघायचे तर समोरचा जोडीदार दुसऱ्या दिवशी यायचा नाही. म्हणून ते ठरलेल्या क्रमानं, नाटकासारखे घोटले जात. कानोंनी मोकळ्या झुंजीतून घातक डाव काढले आणि जे उरले ते जीव तोडून करायला सांगितले. गंमत बघा, निरुपद्रवी केल्यावरच विद्या खरी झाली. जो डाव कधी कोणावर पुरा करून बघितलाच नाही, तो लागू पडतो की नाही हे त्याच्या गुरूलाही ठाऊक नसतं. आमचे परिसंवाद याच जुन्या घराण्यातले. वक्ता ठरलेला, विरोध ठरलेला, पडणारा आधीच आडवा. कुस्तीच्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात.

कुस्तीच्या भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तालीम हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ शिक्षण. मराठीनं तो घेतला आणि त्याला लाल मातीत नेऊन बसवलं; नाटकवाल्यांनी तिथून उचलून रंगमंचावर नेला. 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींनी शिक्षणाची नवी कल्पना मांडली, ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली आणि शब्द आपल्या घरी परतला. शिकणं, घुमणं आणि पुन्हा पुन्हा करून बघणं या तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. प्राध्यापकांना या तिघांत फारकत करायची असेल तर आधी मराठीशी भांडावं लागेल.

जपानी विद्या म्हणजे जपानी राष्ट्रवाद, हाही त्यांचा एक पेच. तो रवींद्रनाथांनी परस्पर सोडवलेला आहे. 1916 मध्ये जपानला जाऊन त्यांनी तिथल्या राष्ट्रवादावर टीका केली, आणि 1929 मध्ये तेच रवींद्रनाथ शांतिनिकेतनात शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकाला बोलावून घेतात. त्यांना कवायत आणि ज्युदो यांतला फरक कळत होता. कवायतीत सगळे एका दिशेला तोंड करतात. ज्युदोत समोरासमोर, एकमेकांची कॉलर धरून उभं राहावं लागतं. कवायतीला हुकूम लागतो, ज्युदोला जोडीदार.

इथवर लिहून झाल्यावर मी समाधानानं चहा घेतला असता. पण प्राध्यापकांना नेमका मुद्दा सापडू नये म्हणून मी स्वतःच शोधायला बसलो आणि तो मला सापडला. कानो 1938 मध्ये वारले. त्यांच्या डोळ्यांदेखत आणि नंतरही जपानी शाळांतला ज्युदो लष्कराच्या दावणीला बांधला गेला. इतका, की 1945 नंतर विजेत्यांनी तो शाळांतून बंद केला आणि 1950 मध्ये तो परत आला. त्याहून वाईट पुढेच आहे. 1983 नंतरच्या तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. रियो उचिदा या समाजशास्त्रज्ञानं ही मोजदाद केली. कित्येकांच्या डोक्याला मार बसला होता. म्हणजे हनुवटी छातीशी धरायला नीट शिकण्याआधीच आपटलेली, दमल्यावरही उठवून पुन्हा पाडलेली मुलं. आणि 2012 पासून तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या. पडायला शिकवणाऱ्या विद्येनंच मुलं पाडून मारली. शर्टाखालचा डाग त्या रात्री जास्त दुखला.

म्हणून मनात धरून बसलो होतो ते म्हणणं मागे घेतो. युद्धकला मुलांना चांगलं वळण लावतेच असं नाही. वळण लावतो तो मास्तर, आणि मास्तराला वळण कोण लावतं हा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये ज्युदो करणारे पाच लाखांहून अधिक आहेत आणि तिथे 1955 पासून शिकवायला सरकारी पदविका लागते. आपल्याकडे पोशाख शिवून घेतला की पुरे. पहिलीपासून सगळ्यांना काहीतरी शिकवायचं ठरवण्याआधी कोण शिकवणार हे विचारलं पाहिजे, एवढ्यापुरते प्राध्यापक बरोबर आहेत. ते बरोबर का आहेत हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

मुलींच्या स्वसंरक्षणाचंही तसंच. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या प्रथम वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवरचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरातल्या बलात्कारांचं प्रमाण सुमारे पाच टक्के, न घेतलेल्यांत सुमारे दहा. पण त्या बारा तासांतला बराच वेळ गुद्द्यांचा नव्हता. ओळखीचा माणूस कधी धोक्याचा होतो हे ओळखणं आणि संकोच न करता ‘नाही’ म्हणणं, यावर भर होता. गुन्हा करणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मुलीला मात्र कळतं की संकोच हाही मोडता येणारा पेच आहे.

परवा नातीची झुंज बघत होतो. तिच्याहून थोराड मुलानं तिला पाडून पकडीत दाबून धरलं. ती सुटायला धडपडली, मग तिनं मॅटवर हातानं दोनदा थाप मारली. त्या क्षणी मुलानं पकड सोडली, उठून तिला हात दिला, दोघं वाकले आणि पुन्हा भिडले. मराठीत थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं. मॅटवर मात्र थाप मारणारा खरंच बोलतो: सध्या तू वरचढ आहेस, सोड. आणि वरच्याला लगेच सोडावं लागतं. त्याच्या शिक्षणातला हा सगळ्यात अवघड डाव. कुठल्याही वर्गात पोराला घालण्याआधी मी आता एवढंच बघेन, की तिथे थाप ऐकू येते का, आणि ऐकू आल्यावर कोणी हात सोडतं का.

शिक्षकांच्या मुद्द्यावर, प्राध्यापकमहाराज, ही पाहा माझी थाप. दोनदा. आता कॉलर सोडा, आणि सातच्या बॅचला या. पहिले पाच आठवडे नुसतं पडायचं आहे.