म्यानातील तलवार

जानेवारी महिना बुलढाणा जिल्ह्यात उत्सवांचा असतो. १२ तारखेला सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव होतो, तर त्याच सुमारास मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त अफाट जनसमुदाय पंक्तीला बसतो. अशाच दिवसांत हिवरा आश्रमच्या वाटेवर मावळ्यांच्या वेषातील काही तरुण आम्हांस भेटले. एकाच्या घरी आजोबांच्या काळापासून ठासणीची बंदूक भिंतीवर आहे. ती मिरवणुकीत न्यावी, ही त्याची इच्छा. "ती उडत नाही, फादर. मग कायद्याला तिची भीती का?" असे त्याने विचारले.

प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ४५ वे कलम जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्राला सूट देते, पण केव्हा? ते दुरुस्तीशिवाय आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तेव्हाच. म्हणजे ते आज उडत नाही, एवढे पुरेसे नाही. उद्याही कोणाच्या हातून उडू नये.

ही शंका अनाठायी नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये तीन दिवसांत १७ माणसे मारली गेली. हल्लेखोरांच्या शस्त्रांपैकी काही एके काळी निकामी म्हणून विकली गेली होती. पुढे ती पुन्हा जिवंत करण्यात आली. त्यानंतर युरोपीय संघाने शस्त्र निकामी करण्याचे नियम कडक केले आणि २०१७ मध्ये अशा शस्त्रांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले. जुन्या लढायांचे प्रसंग पोशाखासह उभे करणाऱ्या हौशी मंडळींनी यावर हरकत घेतली. सुटे भाग वितळजोडाने पक्के केले की बंदूक कशी भरत, हे दाखवता येत नाही. शिवाय जुनी वस्तू कायमची विद्रूप होते, असे त्यांचे म्हणणे.

ही तक्रार आम्ही क्षुल्लक मानत नाही. पूर्वजांची आठवण जपणे हे कर्तव्य आहे, आणि हातात घेतलेली वस्तू जे शिकवते ते पुस्तक शिकवत नाही. जे शस्त्र कधीच जिवंत होऊ शकत नाही, त्यावर बंधने लादून कोणाचाही जीव वाचत नाही. कायद्याने हा विवेक राखलाच पाहिजे. परंतु जेथे संशयाला जागा आहे, तेथे आठवणीने जिवाला वाट करून द्यावी. आठवण दुसऱ्या मार्गानेही जपता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.

गेथसेमानीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभू येशूने ती मोडून टाकावयास सांगितले नाही. म्यानात घालावयास सांगितले. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये मोन्सेरात येथे आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली. त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. आपल्याजवळ असलेले सामर्थ्य आपण होऊन बाजूला ठेवणे, हीच त्या कृतीची थोरवी. शिपाई म्हणून घालवलेली वर्षे त्यांनी नाकारली नाहीत. फक्त तलवारीवरचा आपला हक्क सोडला.

त्या तरुणास आम्ही सुचवले की, बंदुकीची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, जाणकाराकडून ती तपासून घ्यावी आणि मिरवणुकीत लाकडी बंदूक न्यावी. तो म्हणाला, "लाकडीला वजन नसते, फादर." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मिरवणुकीच्या कडेला उभ्या असलेल्या माउलीला खांद्यावरची बंदूक खरी की खोटी, उडणारी की निकामी, हे कसे कळावे? कडेवरच्या लेकरासह तिला निर्धास्त उभे राहता यावे, यासाठी आपल्या खांद्यावरचे वजन थोडे हलके झाले, तर शिवरायांच्या मावळ्याला त्यात कमीपणा वाटू नये.