लेखनिकाने काय लिहावे?

सिल्वासाच्या आमच्या लहानशा मंडळीत २०१९ साली एक प्रश्न निघाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. तरुण संघातील बारावी झालेली एक मुलगी एका अंध विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून बी.ए.च्या परीक्षेस गेली. त्याने उत्तर सांगावयाचे, तिने लिहावयाचे. असा लेखनिक आमच्याकडे सहज मिळत नाही. घरी मराठी किंवा वारली, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी. तेव्हा पेपराची भाषा नीट लिहिणारा आणि सवड असलेला माणूस शोधता शोधता परीक्षा येऊन ठेपते. म्हणून पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

मुलगी मात्र मान खाली घालून उभी होती. लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्यास तासामागे निदान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या व पुढे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत होते. परीक्षाकेंद्रावर तीन तास होताच उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. दोन प्रश्न राहिले. “राहू दे गं, दर वेळी असंच होतं,” एवढेच तो म्हणाला. त्याचे ते ‘राहू दे’ तिच्या मनातून जाईना.

तिने तक्रार करावयाचे मनात घेतले तेव्हा एक वडीलजन म्हणाले, “सेवा करावी, भांडणात पडू नये.” खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांसही तसेच वाटले. सेवेने मन निवते, भांडणाने तापते. पण विचार करता लक्षात आले की, तिने दिलेल्या तीन तासांचे आम्ही गुणगान केले आणि त्याच्या बुडालेल्या एका तासाविषयी चकार शब्द काढला नाही. दिलेले दान आम्हांस दिसले, हिरावलेला हक्क दिसला नाही. दान देणाऱ्याच्या सवडीवर असते. यंदा लेखनिक भेटली, पुढल्या साली तिचे लग्न झाले तर? मग त्या मुलाचे शिक्षण कोणाच्या भरवशावर?

ही सेवा आपल्या मराठी मंडळ्यांस नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. आज ती दादरची कमला मेहता अंधशाळा आहे. त्या काळी अंध मुलाने शिकावे हे म्हणणेच धाडसाचे होते. आज कायदा त्याच्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेतील जादा वेळ व लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही हाताच्या विकारामुळे लिहिणे कठीण झालेल्या विकास कुमार या तरुणास लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. कायदा कागदावर असतो. तो परीक्षेच्या खोलीपर्यंत कोणीतरी आणावा लागतो.

परंतु येथेच एक मोह आहे, आणि आमच्या तरुणांस त्याची जाणीव द्यावी असे वाटते. दुसऱ्याच्या हक्कासाठी उठलेला माणूस लवकरच दुसऱ्याच्या वतीने बोलू लागतो. या मुलीचेही तेच होणार होते. तिने घरी बसून स्वतःच अर्ज लिहिला. तो ऐकून त्या मुलाने विचारले, “परीक्षेत तू माझं उत्तर बदललं असतंस का?” मग त्याने नव्याने अर्ज सांगितला व तिने लिहिला. वाचून दाखवताना तिच्या तोंडी ‘कृपा करून’ असे शब्द आले. “हे मी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. ते शब्द खोडले गेले. अर्जावर सही त्याची एकट्याची. गेलेला तास परत आला नाही. पुढच्या परीक्षेस मात्र पूर्ण वेळ मिळाला.

शब्बाथ शाळेत आपण बार्तीमयाची गोष्ट शिकवतो. लोक त्यास गप्प करीत होते, हे मुलांस ठाऊक असते. पण प्रभूने त्यास बरे करण्यापूर्वी, तुला काय हवे, असे विचारले, याकडे शिक्षकही लक्ष देत नाहीत. आंधळ्यास काय हवे हे कोणासही दिसत होते! तरी विचारले.

आम्ही तरी कोठे विचारले होते? आमच्या मंदिराला तीन पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीवरील एका वृद्ध भगिनीस तरुण मुले दर रविवारी खुर्चीसकट उचलून आत नेत, आणि आम्ही त्यांस शाबासकी देत असू. लेखनिक झालेल्या त्या मुलीनेच एकदा त्यांस विचारले. त्या म्हणाल्या, “पोरं गुणाची आहेत गं. पण उचलतात तेव्हा पातळ सरकतं, आणि मी डोळे मिटून घेते. तिथं सिमेंटचा उतार करता येईल का?”

पंचमंडळाच्या येत्या सभेत तो विषय आहे. त्यांनाही बोलावले आहे.