फुकटचं अमरत्व

2 ऑगस्ट 2008 च्या मध्यरात्री अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतलं चौथं आणि शेवटचं पुस्तक, ‘ब्रेकिंग डॉन’, त्या रात्री विक्रीला आलं. पहिल्याच दिवशी एकट्या अमेरिकेत त्याच्या 13 लाख प्रती खपल्या. साडेसातशे पानांचं ते पुस्तक ज्यांनी झपाटल्यासारखं वाचून संपवलं, त्यांच्यापैकीच कितीतरी वाचक नाराज झाले. काहींनी तर पुस्तक दुकानात परत करा, अशी हाक दिली. या वाचकांत शाळा-कॉलेजच्या मुली जास्त होत्या. त्यामुळे ही नाराजी बालिश हट्ट म्हणून उडवून लावणं प्रौढांना सोपं गेलं. मला ती नाराजी रास्त वाटते. ज्यांनी ही मालिका सर्वांत बारकाईने वाचली होती, त्यांनाच तिच्यातली खोट आधी दिसली.

कथा थोडक्यात सांगायची तर अशी. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या पावसाळी गावात सतरा वर्षांची बेला आपल्या पोलीसप्रमुख वडिलांकडे, चार्लीकडे, राहायला येते आणि एडवर्ड कलन या रक्तपिपासूच्या प्रेमात पडते. कलन कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, प्राण्यांच्या रक्तावर भागवतं. बेलालाही त्यांच्यासारखं अमर व्हायचं आहे. एडवर्डचा त्याला विरोध आहे. ‘ट्वायलाइट’, ‘न्यू मून’ आणि ‘इक्लिप्स’ ही तिन्ही पुस्तकं या एका पेचाभोवती फिरतात: अमर होण्यासाठी काय काय सोडावं लागेल?

हा प्रश्न मायर यांनी पोकळ ठेवला नव्हता. ‘इक्लिप्स’मध्ये एडवर्डची बहीण रोझली एका रात्री बेलाकडे येऊन आपली कहाणी सांगते. 1933 सालचं रॉचेस्टर शहर. रोझली अठरा वर्षांची, देखणी, लग्न ठरलेली. मैत्रिणीच्या घरी जाऊन तिचं कुरळ्या केसांचं, गालावर खळ्या पडणारं बाळ पाहून ती परतत असते. वाटेत तिचा होणारा नवरा आणि त्याचे दारू प्यायलेले मित्र तिच्यावर अत्याचार करतात आणि मेली समजून तिला रस्त्यावर टाकून जातात. कलन कुटुंबाचा प्रमुख कार्लाइल तिला अमर करून वाचवतो. तिचा जीव राहतो, पण ज्या आयुष्याची तिने स्वप्नं पाहिली होती ते कायमचं जातं. पुढे अस्वलाने फाडलेला एमेट तिला जंगलात सापडतो. त्याच्या चेहऱ्यात तिला ते बाळ दिसतं, म्हणून शंभराहून अधिक मैल ती त्याला उचलून आणते. बेलाला ती कळवळून सांगते की तुझ्यापुढे निवड आहे, मला ती नव्हती. तुला मूल हवंसं वाटेल तेव्हा वेळ गेलेली असेल. अख्ख्या मालिकेतलं हे सर्वांत खरं प्रकरण आहे. अमरत्वाची किंमत इथे एका बाईच्या तोंडून, तिच्या अंगावरच्या अनुभवातून कळते.

बाकीची किंमतही ठरलेली होती. नव्याने रक्तपिपासू झालेला माणूस वर्षभर तहानेने वेडापिसा असतो, हे एडवर्डच्या भावाच्या, जॅस्परच्या, पूर्वायुष्यातून आणि सिएटलमध्ये उभ्या राहिलेल्या नवजातांच्या टोळीतून दाखवलेलं आहे. चार्लीला लेक मेली असं भासवावं लागणार होतं. आणि जेकब, क्विल्यूट जमातीतला लांडग्याचं रूप घेणारा तरुण, बेलावरच्या एकतर्फी प्रेमात होरपळणार होता.

‘ब्रेकिंग डॉन’चा मधला भाग जेकब सांगतो, आणि तो जोरकस आहे. एडवर्डशी लग्न झाल्यावर बेलाला दिवस जातात. पोटातला जीव तिच्या बरगड्या मोडतो, तिला आतून खातो. अखेर झाकण आणि स्ट्रॉ लावलेल्या पेल्यातून ती माणसाचं रक्त पिऊ लागते आणि तिच्या गालांवर रंग परततो. जो आजवर तिला हातही जपून लावत होता, तो एडवर्ड इथे हतबल आहे. तिच्या बाजूने एकटी रोझली ठाम उभी राहते, कारण तिला ते बाळ हवं आहे. गर्भारपणाची भीती, बाईच्या शरीरावर इतरांनी सांगितलेला हक्क, मातृत्वाची ओढ आणि त्यातली हिंसा हे सगळं या पानांत एकवटलं आहे. बाळंतपणाचा प्रसंग तर वाचताना अंगावर काटा आणतो. लोकप्रिय प्रेमकथेत इतकं धाडस क्वचित दिसतं.

त्यानंतर बेला रक्तपिपासू होऊन डोळे उघडते आणि एकेक किंमत माफ होत जाते.

पहिल्याच शिकारीत तिला माणसाच्या रक्ताचा वास येतो, ती त्या दिशेने झेपावते आणि स्वतःला आवरून मागे फिरते. जे कुणाला जमत नाही असं तीन पुस्तकं सांगत आली, ते तिला पहिल्या दिवशी जमतं. हे कळल्यावर जॅस्पर हादरतो. आपली इतक्या वर्षांची झुंज टाळता आली असती का, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. मायर यांना ही ठिणगी दिसली होती, पण ती त्यांनी तशीच विझू दिली. मूल होणार नाही म्हणत होते, मूल झालं. बाप सोडावा लागणार होता. जेकब चार्लीसमोर लांडगा होऊन दाखवतो आणि चार्ली नातीला खेळवायला येऊ लागतो. जेकबचं दुःख तर एका क्षणात पुसलं जातं: बेलाच्या नवजात मुलीवर, रेनेस्मेवर, नजर पडताच त्याची तिच्याशी जन्माची गाठ बांधली जाते. हा मला या पुस्तकातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. ज्याच्या तोंडून आपण दोनशेच्या आसपास पानं प्रेमभंग ऐकला, त्याचा शोक लेखिकेने काढूनच घेतला. आणि मुलगी जन्माला आली त्याच दिवशी तिचं भवितव्य दुसऱ्या कुणाशी तरी बांधलं गेलं, याबद्दल कथेत एक-दोघांच्या रागापलीकडे काही उमटत नाही.

शेवटी रेनेस्मेच्या जन्माचा जाब विचारायला रक्तपिपासूंचे सत्ताधीश असलेल्या व्होल्टुरींची फौज बर्फाळ मैदानात समोर येते. तक्रार करणारी आयरिना मारली जाते. ती बेलाच्या जवळच्या वर्तुळातली नाही. बाकी बोलणी होतात, दक्षिण अमेरिकेतून रेनेस्मेसारखाच अर्धा माणूस असलेला नाहुएल साक्षीला येतो आणि फौज परतते. लढाई झाली नाही म्हणून मी तक्रार करणार नाही. कथेत अ‍ॅलिस ही एडवर्डची भविष्य पाहू शकणारी बहीण आपला निरोप ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या पानावर ठेवून जाते, म्हणजे हा शेवट बुद्धीच्या जोरावर जिंकायचा खटला आहे हे मायर यांनी सुचवलेलंच आहे. पण शेक्सपिअरच्या त्या खटल्यात शायलॉक सर्वस्व गमावून बाहेर पडतो आणि चारशे वर्षांनंतरही प्रेक्षकाला तो निकाल बोचतो. या मैदानावरून बोचण्यासारखं काहीच आपल्याबरोबर येत नाही.

रक्तपिपासूचीच कथा असलेली ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ 1897 सालची. ती एका बाळाच्या जन्माने संपते. मीना आणि जोनाथनच्या मुलाला क्विन्सी म्हणून हाक मारतात, कारण ड्रॅक्युलाशी लढताना क्विन्सी मॉरिस मेला. रेनेस्मेचं नाव रेने आणि एस्मे या दोन आज्यांवरून ठेवलेलं आहे, आणि शेवटी दोघीही सुखरूप आहेत.

असं का झालं याचं एक कारण मायर यांनीच सांगून ठेवलं आहे. 2003 साली एका स्वप्नातून ‘ट्वायलाइट’ सुचल्यावर त्यांनी लगोलग पुढची कथा लिहिली, ‘फॉरएव्हर डॉन’ नावाची, बहिणीला भेट म्हणून. लग्न, बाळ, जेकबची त्या बाळाशी बांधली गेलेली गाठ, व्होल्टुरींचं येणं, हा सांगाडा त्यातच होता. ‘न्यू मून’ आणि ‘इक्लिप्स’ नंतर लिहिली गेली. जेकब त्यांत वाढला, रोझली बोलती झाली, अमरत्वाची किंमत ठरली ती त्यांतच. पात्रं मोठी झाली, शेवट मात्र त्यांच्या लहानपणीच शिवलेल्या अंगरख्यासारखा राहिला. लेखकाने शेवट आधी ठरवण्यात गैर काही नाही. पण मधल्या काळात पात्रांनी जे कमावलं ते शेवट फिरवण्याची मागणी करत असेल, तर ती ऐकावी लागते.

प्रेमकथा सुखान्तच हवी, असं यावर म्हटलं जाईल. मलाही बेला आणि एडवर्ड एकत्र यायलाच हवे होते. शार्लट ब्रॉण्टे यांची ‘जेन एअर’ सुखान्तच आहे. पण जेन परतते तेव्हा तिचा प्रियकर रॉचेस्टर आगीत दृष्टी आणि एक हात गमावून बसलेला असतो. त्या लग्नाचा आनंद म्हणूनच खरा वाटतो.

2012 साली ‘ब्रेकिंग डॉन’वरचा दुसरा चित्रपट आला तेव्हा पटकथाकार मेलिसा रोझेनबर्ग आणि दिग्दर्शक बिल कॉण्डन यांनी पुस्तकात नसलेली लढाई घातली. तीत कार्लाइल मरतो, जॅस्पर मरतो, जेकबच्या कळपातले लिआ आणि सेथ मरतात. मग कळतं की ते सारं अ‍ॅलिसने व्होल्टुरींच्या नेत्याला, आरोला, दाखवलेलं भविष्य होतं. ती काही मिनिटं थिएटरमधल्या प्रेक्षकांचा श्वास अडकला होता, कारण गमावण्याची भीती प्रथमच खरी वाटली. चित्रपटानेही ते मृत्यू परत घेतले, पण पुस्तकात काय राहून गेलं होतं हे त्याने निदान ओळखलं.

मुंबई-पुण्याच्या फुटपाथवरूनही ही काळ्या कव्हरची पुस्तकं पुष्कळ घरांत गेली आहेत. घरातल्या मुलीने ती वाचायला घेतली तर तिला अडवू नका. शेवटच्या पुस्तकाने तिचा विरस झाला तर मात्र हसू नका. रोझलीच्या प्रकरणाबद्दल तिला काय वाटलं ते विचारा आणि ती काय सांगते ते पूर्ण ऐकून घ्या.