तोंडावरचं बोट काढल्यावर

‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ही आज्ञा साठी उलटली तरी आठवते. सगळी बोटं ओठांवर जातात, वर्ग गार पडतो आणि बाईंना वाटतं, आता मुलं ऐकताहेत. त्या वेळात मुलं काय करत असतात हे आपण जाणतो, कारण आपणही तेच केलेलं आहे. डब्यातली भाजी, शेजाऱ्याच्या कंपासपेटीतलं नवं खोडरबर, मधली सुट्टी किती लांब आहे याचा हिशेब. गप्प बसणं आणि ऐकणं यांची आपण अशी सरमिसळ केली आहे की ऐकणंही शिकवावं लागतं, याचा शाळेला विसर पडला आहे.

कागदावर तसं नाही. भाषेच्या अभ्यासक्रमात श्रवण, भाषण-संभाषण, वाचन, लेखन या क्रमाने कौशल्यं येतात आणि श्रवणाचा मान पहिला असतो. प्रत्यक्षात वाचनाला धडा असतो, लेखनाला वही असते, भाषणाला स्पर्धा आणि ढाल असते. श्रवणाच्या वाट्याला प्रगतिपत्रकातली एक नोंद येते: ‘लक्षपूर्वक ऐकतो.’ अशा वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळतात आणि त्यातून त्या उतरवल्या जातात, हे शिक्षकही हसत कबूल करतात. मी त्यांना दोष देत नाही. जे शिकवायला सांगितलंच नाही त्याची नोंद तरी कुठून करणार?

गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मध्ये या गोंधळाचं फार मार्मिक चित्र आहे. त्यातला हौशी शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो आणि पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ मांडतो. माँटेसरी पद्धतीतला हा खेळ: डोळे मिटून, निश्चल बसून आजूबाजूचे बारीक आवाज टिपायचे. मुलं त्याचा पुरता फज्जा उडवतात. कुणी आवाज काढतं, कुणी खिदळतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो, आणि तीच मुलं जागची हलत नाहीत. शांतता मागून मिळाली नाही. ऐकण्यासारखं काही समोर आल्यावर ती आपोआप आली. याच गिजुभाईंबरोबर भावनगरच्या बालमंदिरात ताराबाई मोडकांनी काम केलं. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि वस्तीतल्या अंगणात, झाडाखाली भरणारी अंगणवाडी उभी राहिली. जी मुलं शाळेत येत नाहीत त्यांच्याकडे शाळेने जायचं, हा तो विचार. आज अंगणवाडी म्हटलं की खाऊ आणि वजनकाटा आठवतो. तिच्या मुळाशी मुलाचं ऐकणारी मोठी माणसं होती, हे मागे पडलं.

शाळेबाहेर मात्र, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या माणसाला ऐकण्याचं महत्त्व दुसऱ्या कुणी सांगायला नको. तुकोबांची पालखी इंदापुरातून सराटीकडे निघते ती बावड्यावरूनच. पुढे नीरा ओलांडली की अकलूज. या वाटेवरच्या गावांत सप्ताह, पारायण, कीर्तन हे वर्षाचं वेळापत्रक असतं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की ज्ञानेश्वरीतले श्रोते मुकाट बसलेले नाहीत. ते मधे बोलतात, दाद देतात, विषयांतर पुरे झालं असंही सुचवतात, आणि वक्ता त्यांचं ऐकून पुढे जातो. कीर्तनातही मागे उभे असलेले टाळकरी चाल उचलतात, ध्रुपद धरतात; ते नुसते उभे राहिले तर बुवांचं कीर्तन दहा मिनिटांत पडेल. आपल्याकडच्या उत्तम ऐकण्यात ऐकणारा कामाला लागलेला असतो.

अर्थात याचे गोडवे गाणं पुरे. कीर्तनात शेवटी बोलतात एकटे बुवाच, आणि कुणी पुढे बसायचं, कुणी मागे हेही ठरलेलं असतं. शाळेला तेवढ्यावर थांबता येणार नाही. वर्गात बोलणाऱ्याची जागा फिरती हवी.

पाश्चात्य मानसशास्त्रात ‘सक्रिय श्रवण’ हा शब्द कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये रुळवला, तोही शाळेसाठी नव्हे, कारखान्या-कचेऱ्यांतल्या माणसांसाठी. सांगणाऱ्याच्या शब्दांमागचा भाव पकडायचा, आणि आपल्याला जे समजलं ते त्यालाच परत सांगून ‘असंच म्हणायचं होतं ना?’ असं विचारायचं, हा त्याचा गाभा. तिसरीच्या वर्गात याचा अवघा एक नियम होतो: आधीचा काय म्हणाला ते सांग, त्याने मान डोलावली की मग तुझं सांग. दिसायला सोपा, पाळायला महाकठीण. घरी जेवताना मोठ्यांनी करून पाहावा. पहिल्या पाच मिनिटांतच आपण उत्तर जुळवत होतो, ऐकत नव्हतो, हे कळतं.

पण नियम मुलांना लावण्याआधी तो शिक्षकाच्या टेबलापाशी लावावा लागेल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या आसपास वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात, असं तिला आढळलं. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, अधिक मुलं बोलू लागली, मुलं एकमेकांच्या बोलण्याला धरून बोलू लागली. यासाठी ना साहित्य लागतं ना निधी. तरी हे होत नाही, कारण त्या तीन सेकंदांत वर्ग हातातून निसटेल अशी धास्ती असते. मग हात वर करणाऱ्या चार-पाच जणांवर तास निघतो. नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको: आवर्तन सुटतं, पाणी वरच भिजवत राहतं, आणि कागदोपत्री मात्र सगळं क्षेत्र भिजलेलं असतं. मागच्या रांगेतलं मूल हे वर्गाचं टेल आहे.

त्या मुलाने धीर करून तोंड उघडलंच तर काय होतं? समजा, ते सांगतंय, “बाई, काल रातच्याला लाइट आली, बा मोटार चालू कराया गेला, तर पान्यात...” आणि बाई म्हणतात, “पान्यात नाही, पाण्यात.” संपलं. पाण्यात साप होता, बिबट्याचे ठसे होते की वडील घसरून पडले, ते कुणाला कळत नाही. मुलाला एवढंच कळतं की आपण काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो ते इथे आधी तपासलं जातं. असा प्रसंग चार वेळा घडला की ते मूल ‘अबोल’ ठरतं, आणि तशी नोंदही होते.

या बाबतीत नीरेपलीकडच्या फलटणकडे पाहावं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणमधल्या लोकांच्या बोलण्यातल्या वैविध्यावर पीएच.डी. केली, त्या तिथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८६ मध्ये त्यांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. जात, शिक्षण, बाई-पुरुष यांप्रमाणे एकाच गावची मराठी कशी बदलते याचा अभ्यास केलेल्या माणसाने शाळा काढावी, हा योगायोग नव्हे. गावाचं बोलणं आधी कान देऊन ऐकलं आणि त्यातून शाळा उभी राहिली. मुलाच्या घरच्या बोलीचा मान ठेवून तिथून प्रमाण मराठीकडे न्यायचं, ही दिशा त्यातूनच येते. प्रमाण भाषा शिकवायची नाही असं कुणी म्हणत नाही. सांगून होऊ द्या, मग लिहिताना ‘पाणी’ लिहायला शिकवा. इतका तो साधा क्रम आहे.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘परिपाठ’. आपल्याकडचा सर्रास परिपाठ कसा असतो? राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. बातम्या वाचणारी मुलगी कागदाकडे पाहत एका सुरात ओरडते, पुढचा मुलगा आपला सुविचार मनात घोकतो, आणि रांगेतली मुलं ऊन चुकवत असतात. सगळे बोलतात, ऐकत कुणीच नाही. यातली निम्मी कलमं गाळून रोज दोन मुलांनी कालचं काही सांगावं आणि तिघांनी त्याला प्रश्न विचारावेत, एवढं केलं तरी परिपाठाला जीव येईल. बोधकथेवाचून काही अडणार नाही.

इथे एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण ती शिक्षक नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन इयत्ता, डोक्यावर पत्रा, त्यावर पाऊस, आणि खिशात माहिती मागणारा मोबाइल. या अवस्थेत मुलांचं ऐका म्हणणं सोपं आहे. काही मुलांना तर नीट ऐकूच येत नसतं. वाहणारा कान, साठलेला मळ. वर्षानुवर्षं ‘दुर्लक्ष करतो’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाचा दोष कानातच निघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा अशा मुलांची नावं शिक्षकांनी आठवणीने पुढे करावीत.

आता वर्गातल्या आपलेपणाविषयी, आणि तो बावड्याच्या परिसरात कुठे पणाला लागतो त्याविषयी. शहाजीनगरचा नीरा-भीमा, बिजवडीचा कर्मयोगी, भवानीनगरचा छत्रपती, असे साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि बीड, नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटेच फडात. मुलं कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळत किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या शेवटच्या रांगेत. चार-पाच महिन्यांनी ती परत जातात. हजेरीपटावर ती पाहुणी, मुलांच्या लेखीही पाहुणी. त्यांची बोली वेगळी, कपडे वेगळे, आणि त्यांचं नाव पाठ होण्याआधी हंगामाचा पट्टा पडतो.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९७१ साली अशीच एक कोंडी होती. वंशभेदाने वेगळी ठेवलेली मुलं एका वर्गात आणली गेली आणि भांडणं पेटली. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिथे एकीचे उपदेश केले नाहीत. त्यांनी धडा तोडून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. चाचणी सगळ्या धड्यावर. बाकीचे तुकडे मिळवायचा मार्ग एकच, दुसऱ्याचं ऐकणं. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाला चिडवून आपलंच नुकसान होतं, हे पोरांना लवकर उमगलं. मग ती त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. प्रेम आधी आलं नाही, गरज आधी आली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘सर्वांशी मिळून मिसळून वागा’ फळ्यावर लिहून कुणी मिसळत नाही.

उसाचाच धडा घ्या. लागण, पाण्याची पाळी, खताचा डोस हे बावड्याच्या पोराला ठाऊक. मोळी कशी बांधतात, वाढं कुणाला विकतात, गाडी भरताना फळी कशी लावतात, मुकादम उचल कधी देतो, हे बीडच्या पोरीला ठाऊक. दोघांपैकी एकाचं ऐकलं नाही तर धडा अर्धाच राहतो, आणि पाठ्यपुस्तकात तर यातलं जवळपास काहीच नाही. अशा वेळी शेवटच्या रांगेतली ती मुलगी वर्गातली जाणकार होते. तिच्यावर दया करावी लागत नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कारखान्यांच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन झालेलं असेल आणि टोळ्या उतरू लागलेल्या असतील. कारखान्याच्या आसपासच्या शाळांतल्या गुरुजी-बाईंना, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना एक विनंती. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात बाकं भिंतीला लावा, गोल बसा, आणि त्यांना त्यांच्या गावाहून इथवरचा प्रवास सांगू द्या. मधे कुणी ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका. सांगून झालं की गावातल्या मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, आणि शेवटचा प्रश्न बाईंनी.