तुलनेची नैतिकता : जनार्दन वाघमारे यांच्या कृष्णवर्णीय साहित्याभ्यासाच्या निमित्ताने

दुसऱ्याच्या वेदनेच्या आधारे आपल्या वेदनेचा अर्थ लावावा काय, हा प्रश्न वरकरणी तौलनिक साहित्याभ्यासाच्या पद्धतीचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' (१९७८) या ग्रंथाने तो मराठीत ठळकपणे उभा केला.

विषय सर्वस्वी परका नव्हता. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, म. ना. वानखडे यांनी दलित लेखकांचे लक्ष कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधले. आणि १९७२ साली 'दलित पँथर'ने तर नावच तिकडून घेतले. नाव घेणे ही आत्मीयतेची खूण होय. अभ्यास मात्र त्याहून अधिक काही मागतो.

तो भेदाचे भान मागतो. वर्ण कातडीवर दिसतो. जात आडनावात, वस्तीत, पाणवठ्यावर शोधली जाते. गुलामगिरी ही उघड मालकी होती आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने ती कायद्याने संपली. अस्पृश्यता ही अप्रत्यक्ष आणि म्हणून अधिक चिवट गुलामगिरी आहे, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. साम्यालाच एकरूपता मानले, तर दोन्ही इतिहासांवर अन्याय होतो.

तथापि भेदाचा आग्रहही निरागस नसतो. २००१ च्या डर्बन परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेत भारत सरकारने जातीच्या चर्चेस विरोध केला. समाजशास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरू शकणारे विधान तेथे उत्तरदायित्व टाळण्याची ढाल झाले.

ग्रंथाच्या शीर्षकातील 'निग्रो' हा शब्दही या संदर्भात बोलका आहे. ज्यांच्यासाठी तो वापरला जाई त्यांनीच तो पुढे नाकारला, जसा येथे 'हरिजन' नाकारून 'दलित' स्वीकारला गेला. स्वतःला नाव देण्याचा अधिकार हेच दोन्ही परंपरांमधील सर्वांत खरे साम्य असावे.

म्हणून तुलना समर्थनीय ठरते ती एका अटीवर : ती तुलना करणाऱ्यालाही बांधून घेते. हार्लेमच्या दुःखाने हेलावणाऱ्या वाचकाला आपल्या गावच्या वेगळ्या स्मशानभूमीविषयी मौन पाळता येत नाही. ते पाळले गेले, तर अभ्यास विद्वत्तापूर्ण राहील. नैतिक राहणार नाही.