उश्राचा तांदूळ

हलाल काय आणि हराम काय, यावर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. सुरी कुणी फिरवली, पाकिटावर शिक्का आहे की नाही, सारे तपासतो. पण कुरआनात अन्नाबाबत हलालच्या जोडीने 'तय्यब' हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. भाजीवर काय फवारले, हे विचारायची सवय आम्हाला आता कुठे लागते आहे. आणि पेच तिथेच सुरू होतो.

उरण-पनवेल पट्ट्यातल्या जासईवरून जाताना हा पेच आठवतो. इथल्या खारजमिनीत पावसावर भात पिकत असे. 1970 नंतर नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांची जमीन संपादनात गेली. 16 जानेवारी 1984 ला जासईत आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण शहीद झाले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे. पुढे शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. भूखंड आला, भात गेला. पिकवणारा पिशवीतला तांदूळ विकत घेऊ लागला.

जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा आणि पाणी ओढून पिकवलेल्याचा विसावा, हा उश्र. त्यात देणारा जे खाई तेच घेणारा खाई, खळे एकच. शेत गेले की उरते रोख रक्कम, आणि रोख रक्कम सर्वांत स्वस्त माल शोधते.

गेल्या रमजानला आम्ही मोहल्ल्यात शिध्याच्या पिशव्या भरल्या. स्वस्तातला तांदूळ, पामतेल, साखर. त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात सेंद्रिय हातसडीचा तांदूळ आणि घाण्याचे तेल आले होते. दान करताना, जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते देऊ नका, अशी ताकीद आहे. आम्ही डोळे मिटले नव्हते, इतकेच.

उपाशी पोटाला आधी पुरेसे हवे, हे खरेच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला, त्याला हलके लेखू नये. सेंद्रिय धान्याची किंमतही खोटी नसते. खुरपणीला माणसे लागतात, सुरुवातीची वर्षे उतारा घटतो. हा भार शेतकऱ्याने सोसावा? गरिबाने? मग आम्हीच उरतो. पनवेल तालुक्यातल्या तारा गावी युसुफ मेहेरअलींच्या नावाने 1961 साली स्थापन झालेल्या सेंटरचे काम चालते. डॉ. जी. जी. पारीख 2025 मध्ये जाईपर्यंत त्यामागे उभे होते. तिथे घाण्याचे तेल, साबण असे ग्रामोद्योग आहेत. गावात पिकावे, गावात गाळावे, या विचारात भाव कमी होण्याची थोडी वाट दिसते. थोडीच.

यंदा बैठकीत आम्ही पिशवीतला माल बदलायचे सुचवले. हिशेब झाला: दीडशे पिशव्यांच्या नव्वद होतील. एका ज्येष्ठ चाचांनी विचारले, "उरलेल्या साठ घरांना काय सांगणार, तुमच्यासाठी शुद्ध परवडले नाही?" कुणी बोलले नाही. शेवटी तेल तेवढे बदलायचे ठरले, आणि फरकाची रक्कम आमच्या सामुदायिक इफ्तारीच्या खर्चातून काढायची. तांदूळ तोच राहिला आहे.