जुन्या गाडीचं चाक आणि भाराचा हिशेब

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. इकडे ऊस गाळणारा आणि तिकडे कुर्ल्यात मोटारी जोडणारा, असे दोन्ही उद्योग एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले. पुढे कुर्ल्याहून फियाट 1100 बाहेर पडू लागली. 1964 ची डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. कागदोपत्री काही असो, लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

आज बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत आजोबांची फियाट निघाली, की नातू हौसेनं तिचं काम काढतो. इंजिन उघडतं, रंग ठरतो आणि लगेच विषय येतो चाकांचा. मूळची 14 इंची, पत्र्याच्या रिमची चाकं त्याला किरकोळ वाटतात. 16 इंची अलॉय, त्यावर रुंद लो-प्रोफाइल टायर, म्हणजे गाडी ‘भरलेली’ दिसेल, असं त्याला वाटतं. या हौसेला नाक मुरडण्यात अर्थ नाही. जुनी गाडी भंगारात न घालता तिच्यावर पैसे घालणाऱ्याला आपली आवड असणारच. पण चाक बदललं की आणखी काय काय बदलतं, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

तो मांडू. या गाडीच्या मूळ टायरचा आकार 5.20-14, म्हणजे जमिनीपासूनची एकूण उंची साठ सेंटिमीटरच्या आसपास. आता 195/50 आर 16 हा टायर घ्या. त्याचीही उंची साठच भरते. म्हणजे चाक मोठं झालंच नाही. मोठी झाली ती रिम, आणि तेवढंच रबर कमी झालं. मूळच्या टायरची बाजूची भिंत बारा सेंटिमीटरच्या वर होती, नव्याची दहाच्याही आत आली. खड्ड्याचा पहिला दणका झेलणारी हवेची उशी अडीच सेंटिमीटरनं पातळ झाली. तो दणका आता रिम, बेअरिंग, बुश आणि मागचे पाटे यांच्या वाट्याला जातो. पालखी महामार्गाच्या रुंद, गुळगुळीत पट्ट्यावर हे जाणवणार नाही. पण महामार्ग सोडून माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे वळा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेला आणि खालची काळी माती फुगून-आकसून भेगाळलेला रस्ता पातळ टायरला माफ करत नाही.

दुसरी बाब रुंदीची. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. रुंद टायर जागेवर वळवताना हातांना घाम फुटतो आणि पूर्ण वळणावर तो मडगार्डला घासतो. घासू नये म्हणून स्पेसर घालून चाक बाहेर काढलं, की वजन पेलण्याची रेषा बेअरिंगपासून दूर सरकते आणि बेअरिंग लवकर वाजू लागतं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. नवी पकड मिळाली म्हणून गाडी जोरात हाणली, तर थांबवायला ब्रेक मात्र जुनेच. जुन्या जीपला उंच टायर चढवणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, पण हिशेब तोच. सुमारे 28 इंची चाकाच्या जागी 31 इंची बसवलं, तर काटा ताशी 60 दाखवत असताना गाडी 66 नं पळत असते, आणि चढावर गिअर एक घर खाली आणावा लागतो.

या मुलखाला चाक बदलण्याचा अनुभव जुना आहे. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकाच्या बैलगाडीला रबरी टायर लागला, तेव्हा तो बैलांवरचा उपकारच वाटला. गाडी ओढायला हलकी झाली, रस्ताही कमी उखडू लागला. मग झालं काय? ओढायला सोपी म्हणून गाडीत माल वाढला. उसाच्या टायरगाडीवर दीड-दोन टन ऊस रचला जाऊ लागला. चाकाचं घर्षण कमी झालं, पण जुवावर येणारा भार आणि उतारावर गाडी रोखण्याचं काम त्याच दोन मानांवर राहिलं. बीड, अहिल्यानगरकडून हंगामाला आलेल्या गाडीवानाला हे सांगावं लागत नाही. बैलांच्या मानेवरचे घट्टे तो रोज पाहतो.

2022 मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी या बैलगाडीसाठी एक साधी युक्ती काढली. दोन बैलांच्या मधे, पुढच्या बाजूला भार टेकवणारं एक लहान चाक. मोठी चाकं त्यांनी आहे तशी ठेवली. गाडीत भार नेमका कुठं साचतो, हे आधी शोधलं आणि तिथंच उपाय केला. जुन्या मोटारीवर खर्च करणाऱ्यानं शिकावी ती ही नजर.

म्हणून जुनं ते सगळं तसंच ठेवावं, असंही माझं म्हणणं नाही. टायरच्या बाबतीत तर नाहीच. त्या काळच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असत. रेडियलमध्ये ते आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा बसतो. ओल्या रस्त्यावर आणि ब्रेक दाबताना रेडियल कितीतरी भरवशाचा. तेव्हा 14 इंची रिम कायम ठेवून 155/80 च्या आसपासचे रेडियल बसवावेत आणि चारही चाकांना एकाच जातीचे. उभ्या राहणाऱ्या गाडीचा आणखी एक घोटाळा असतो. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. तिथं 3512 असेल, तर तो टायर 2012 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. असा टायर नक्षी पाहून ठेवू नये.

शुद्धतावाद्यांचा आग्रह मला अर्धाच पटतो. मूळ स्क्रूसुद्धा बदलू नये, हा संग्रहालयाचा नियम झाला. चालत्या गाडीत माणसं बसतात. कायद्याचा रोखही जपण्याकडेच आहे. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाड्यांना ‘विंटेज’ नोंदणी खुली केली. पद्मिनी नावाच्या सुरुवातीच्या गाड्या त्या वयाला पोचल्या आहेत. आज हौसेनं मडगार्ड कापणारा नातू उद्याचा तो दर्जा स्वतःच्या हातानं घालवतो.

पैसे मोजकेच असतील, तर क्रम साधा आहे. आधी ब्रेक, मग स्टेअरिंगचे सांधे, बुश आणि पाटे, त्यानंतर मूळ मापाचे नवे रेडियल. एवढं झाल्यावर फियाट ताशी साठ-सत्तरनं समाधानानं चालते, आणि तिच्याकडून तेवढंच मागावं. त्याहून वेगवान, रस्त्याला चिकटून पळणारी गाडी हवी असेल, तर ती बाजारात तयार मिळते. त्यासाठी आजोबांच्या गाडीला राबवू नये.